इंग्लंडच्या उन्हाळ्यात मुलांकडे जाताना: आधी काय, नंतर काय

मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं काम होतं तिकिटाचं. "स्वस्त मिळत होतं, काढून टाकलं" असं फोनवर कळवलं जातं आणि मग व्हिसा, विमा, औषधं, फिरणं हे सगळं त्या तारखांमागे धापा टाकत धावतं. यातलं एकही काम सुटं पाहिलं तर अवघड नाही. क्रम चुकला की मात्र पैसेही जातात आणि जून-जुलैतले चांगले आठवडेही. पुढचे टप्पे आई-बाबांनी आणि तिकडच्या मुलांनी एकत्र वाचावेत, कारण अर्धी कामं इकडची आहेत आणि अर्धी तिकडची.

## टप्पा १: तारखा मुलांच्या रजेवरून ठरवा

इंग्लंडमधल्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि ऑगस्ट संपेपर्यंत चालते. त्या सहा आठवड्यांत विमान, हॉटेल, रेल्वे सगळंच महागतं आणि प्रत्येक ठिकाणी रांगा लागतात. शाळेत जाणारी नातवंडं असतील तर इलाज नाही, तीच सुट्टी गाठावी लागेल. नसतील तर मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ निवडा. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि गर्दी अजून अंगावर आलेली नसते. फक्त मेच्या अखेरीस शाळांना आठवडाभराची मधली सुट्टी असते, तेवढा आठवडा लांबच्या सहलींसाठी टाळा. गणपतीला घरी परतायचं असेल तर परतीची तारीख आधी ठरते, हे वेगळं सांगायला नको.

मग कागदावर तीन रकाने करा: मुलांच्या रजेचे दिवस, शनिवार-रविवार, आणि मुलं कामावर असतील ते दिवस. तिसरा रकाना सगळ्यात मोठा निघतो आणि नेमका तोच कोरा राहतो. सगळं फिरणं शनिवार-रविवारी, मुलाने गाडी चालवायची, असं गृहीत धरलेलं असतं. परिणामी आठवडाभर ऑफिस करून थकलेला मुलगा रविवारीही ड्रायव्हर होतो आणि आई-बाबा सोमवार ते शुक्रवार खिडकीत बसून रस्ता बघतात. टप्पा ७ वाचल्यावर या रकान्याकडे परत या.

किती दिवस राहावं? व्हिसावर सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने राहायचं नसतं. माझ्या मते सहा ते आठ आठवडे पुरेत. त्यापुढे घरही लहान वाटू लागतं आणि माणसंही.

## टप्पा २: व्हिसा, तिकिटाच्या आधी

लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि मग बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा केंद्रात जायचं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. ठसे दिल्यापासून निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण उन्हाळ्याआधी गर्दी असते. म्हणून दहा-अकरा आठवडे आधी अर्ज करा. अर्जासोबत पक्कं तिकीट असण्याची सक्ती नाही. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, नाहीतर निदान तारीख बदलता येईल असं काढा.

कागदपत्रं या क्रमाने जमवा:

१. स्वतःची: पासपोर्ट, जुने पासपोर्ट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शन किंवा पगाराचा पुरावा, आयकर विवरणपत्रं, घराचे किंवा शेतीचे कागद.

२. मुलाची: निमंत्रणाचं पत्र, पासपोर्टची प्रत, तिथल्या वास्तव्याच्या परवानगीचा पुरावा. खर्च मुलगा करणार असेल तर त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंटही.

३. नात्याचा पुरावा: मुलाचा जन्मदाखला किंवा आई-वडिलांची नावं असलेला त्याचा पासपोर्ट.

४. भाषांतरं: इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं. सातबारा, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, जुना मराठी विवाह दाखला यांचं पूर्ण भाषांतर जोडावं लागतं. त्यावर ते अचूक असल्याचं भाषांतरकाराचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता मराठी सातबारा जोडला तर अधिकाऱ्याच्या लेखी तो कोरा कागदच.

आपल्याकडची खास अडचण नावांची असते. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, पासपोर्टवर लग्नानंतर बदललेलं दुसरंच आणि बँकेत तिसरं स्पेलिंग. हे अधिकाऱ्याने ओळखून घ्यावं अशी अपेक्षा ठेवू नका. विवाह दाखला जोडा आणि सोबतच्या पत्रात दोन ओळी लिहा: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, पुरावा अमुक कागद.

दुसरी चूक पैशांची. अर्जाच्या आधी पंधरा दिवस नातेवाइकांकडून चार लाख घेऊन खात्यात ठेवायचे, म्हणजे 'बॅलन्स चांगला दिसतो', हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. स्टेटमेंट सहा महिन्यांचं असतं. अचानक आलेली रक्कम पहिल्या नजरेत दिसते आणि तिचा खुलासा नसला तर संशय वाढतो. जेवढं आहे तेवढं दाखवा. अर्जात लिहिलेलं मासिक उत्पन्न आणि खर्च स्टेटमेंटशी जुळतात का, ते मात्र पेन घेऊन तपासा.

इशारा: लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडासोबत राहायला जाण्यात गैर काही नाही, ते स्पष्ट लिहा. पण "सून नोकरीवर जाणार, म्हणून मी बाळ सांभाळायला जातेय" ही व्यवस्था पाळणाघराच्या जागी धरली जाऊ शकते. व्हिजिटर व्हिसावर कामाला परवानगी नाही, बिनपगारी कामालाही नाही. कुटुंबाची थोड्या दिवसांची भेट आणि परतीची तारीख, हे खरं असेल तर तेच सांगा. आधी कधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही लपवू नका.

इशारा: दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला तरी एका भेटीची मर्यादा सहा महिन्यांचीच. सहा महिने राहून महिनाभर घरी यायचं आणि परत जायचं, असं करणाऱ्यांना विमानतळावर अडवलं जाऊ शकतं.

इशारा: या व्हिसावर स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला जाता येतं. पॅरिसला नाही. 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणणारे लंडनलाच राहतात. पॅरिससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा हवा असेल तर तो भारतातूनच काढून निघा आणि त्यासाठी पासपोर्ट पुन्हा काही आठवडे अडकेल, हे धरून चाला.

तपासा: व्हिसा आल्यावर नाव, जन्मतारीख आणि मुदतीच्या तारखा त्याच दिवशी वाचा. चूक असेल तर ती निघण्याआधीच दुरुस्त व्हायला हवी.

## टप्पा ३: विमा आणि औषधं

"तिकडे उपचार फुकट असतात" हा समज महागात पडतो. व्हिजिटरला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत जनरल डॉक्टरची तपासणी आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातले उपचार मोफत मिळतात. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं आणि ते मूळ दराच्या दीडपट आकारलं जातं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून प्रवास विमा घ्याच. घेताना रक्तदाब, मधुमेह, बायपास, जे असेल ते सगळं लिहा. शंभर रुपये हप्ता वाचावा म्हणून मधुमेह लपवणं म्हणजे दावा नाकारायचं कारण स्वतःच्या हाताने लिहून देणं. पॉलिसीत 'आधीपासूनचे आजार' या मथळ्याखाली नेमकं काय लिहिलंय, तेवढं पान तरी नीट वाचा. एजंटने तोंडी सांगितलेलं धरू नका.

औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची घ्या. इकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडच्या केमिस्टकडे चालत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या आणि त्यात औषधांची मूळ नावं लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडचं नाव तिथे कुणाला ठाऊक नसतं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर त्यांचे नियम आधी पाहा. आठवड्याभराची औषधं केबिन बॅगेत.

जून-जुलै हा तिथे गवताच्या परागकणांचा हंगाम. सर्दी, शिंका, डोळ्यांची खाज यांचा त्रास इकडे नसला तरी तिकडे होऊ शकतो. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

## टप्पा ४: तिकीट आणि बॅगा

आता तिकीट. वय झालेल्यांनी मुंबईहून थेट विमान घ्यावं. दुबई-दोह्याला बदलण्यात पैसे वाचतात, पण रात्री दोन वाजता अनोळखी विमानतळावर गेट शोधणं सगळ्यांना झेपत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा, विमानतळावर जाऊन मागू नका. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर चालणं पुष्कळ असतं. इथे संकोच करू नये.

बॅगेत काय नको, ते आधी:

• पेढे, बर्फी, खवा, तूप, पनीर, श्रीखंड, मांसाचे पदार्थ. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चितळ्यांची बाकरवडी न्या, आंबाबर्फी घरीच खा.

• सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. तेलामुळे त्या ज्वलनशील मालात धरल्या जातात आणि विमानतळावर काढायला लावतात.

• बटाटे, ताजी भाजी, रोपं, बिया. तिथल्या भारतीय दुकानांत मेथीपासून शेवग्यापर्यंत सगळं मिळतं.

न्यावं ते असं: गोडा मसाला, मेतकूट, चकली, तेलातला चिवडा, कुरडया, पापड आणि लोणचं. लोणच्याची बरणी दुहेरी पिशवीत, मोठ्या बॅगेत.

कपड्यांत एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा अंगावर एकावर एक चढवता येतील असे पातळ कपडे, एक वाऱ्याला टिकणारं जॅकेट आणि घरी महिनाभर वापरून मऊ झालेले बूट न्या. नवे बूट प्रवासात पहिल्यांदा घालणाऱ्यांचा तिसरा दिवस सोफ्यावर जातो.

तपासा: बँकेत नोंदवलेल्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करा. ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि तिकडे पोचल्यावर रोमिंग सुरू करून घेणं हा वेगळाच ताप असतो. प्रत्येकाकडे स्वतःचं, परदेशात चालू केलेलं, स्पर्शाने चालणारं कार्ड हवं. कारण टप्पा ७ मध्ये येईल.

## टप्पा ५: उतरल्यावर

भारतीय पासपोर्टला स्वयंचलित दारं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. प्रश्न साधे असतात: कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कधीचं. एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन आणि परतीची तारीख इंग्रजीत लिहून ठेवा. इंग्रजी अडत असेल तर तो कागद पुढे करा. अधिकारी मराठी घरातले चुलते नव्हेत. विचारलं तेवढंच सांगा, नातवाच्या बारशाची गोष्ट सांगत बसू नका.

निमंत्रण पत्र, विम्याची प्रत आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. ती बॅग अजून पट्ट्यावरही आलेली नसते.

## टप्पा ६: पहिला आठवडा घरातच

उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. म्हणजे पहाटे तीनला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला, बाहेर लख्ख उजेड असताना, डोळे मिटू लागतात. पहिले तीन-चार दिवस कुठलंही बुकिंग नको.

या दिवसांत घर समजून घ्या. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा मोरी नसते. सवयीने बाहेर उभं राहून बादलीतून तांब्या-तांब्याने अंघोळ केली तर पाणी लाकडी फरशीतून खालच्या खोलीच्या छताला उतरतं आणि जावई काही बोलत नाही, पण डाग बोलतो. अंघोळ टबात किंवा शॉवरच्या काचेआडच. स्वयंपाकघरात आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा आणि मगच मोहरी टाका. तेल कडक तापलं की फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म घर डोक्यावर घेतो. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, तेव्हा इकडून नेण्याआधी शेगडी कोणती ते विचारा. बऱ्याच घरांत झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात. गुडघे दुखत असतील तर खाली सोय होते का, हे मुलांनी आधीच पाहावं. पंखे क्वचितच असतात आणि उकाड्याचे चार दिवस येतातच. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा चाळीसच्या वर गेला होता.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलांशिवाय बाहेर पडायचा सराव करा: घर ते बसस्टॉप, मग घर ते स्टेशन, मग एक स्टेशन जाऊन परत. पत्ता लिहिलेलं कार्ड खिशात आणि तिथलं सिम फोनमध्ये. तातडीला ९९९, तब्येतीचा सल्ला हवा असेल तर १११.

तपासा: आई एकटी दुकानात जाऊन दूध आणू शकते का? हे जमल्याशिवाय टप्पा ७ कडे जाऊ नका.

## टप्पा ७: लंडन, आठवड्याच्या मधल्या दिवशी

आता तो तिसरा रकाना भरायचा. लंडन पाहायचं ते मंगळवार-बुधवार-गुरुवारी, सकाळी साडेनऊनंतर निघून. तोवर ऑफिसची गर्दी ओसरलेली असते आणि रेल्वेची ऑफ-पीक, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळची, तिकिटंही स्वस्त पडतात.

भुयारी रेल्वेत, म्हणजे ट्यूबमध्ये, आणि बसमध्ये कार्ड टेकवून प्रवास करता येतो. नियम तीन. प्रत्येकाचं वेगळं कार्ड, कारण एका कार्डावर दोघं जात नाहीत. ट्यूबमध्ये जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचं. जाताना फोन आणि येताना कार्ड असं केलं तर अर्धवट प्रवासाचं भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, रोख पैसे अजिबात चालत नाहीत. दिवसाची कमाल मर्यादा गाठली की पुढचे पैसे आपोआप थांबतात, त्यामुळे पर्यटकांचा पास काढायची घाई नको. अकरा वर्षांखालची नातवंडं तिकीटवाल्या मोठ्या माणसासोबत फुकट.

पायांना झेपेल असा एक दिवस सांगतो. वेस्टमिन्स्टर स्टेशनला वर या, समोरच बिग बेन. वेस्टमिन्स्टर ॲबी हे जुनं चर्च बाहेरून बघा, आत जायचं तर तिकीट आधी काढा आणि रविवार टाळा, त्या दिवशी ती पर्यटकांसाठी बंद असते. तिथून सेंट जेम्स पार्कमधून बकिंगहॅम पॅलेसपर्यंत रमतगमत चाला. वाटेत बाकं भरपूर, तिथेच डबा खा. मग ट्रफाल्गर चौक आणि नॅशनल गॅलरी: प्रवेश फुकट, बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृह. तिथून १५ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढे बसून सेंट पॉल्स आणि टॉवर ऑफ लंडनपर्यंत या. एका दिवसाला एवढंच. बकिंगहॅम पॅलेससमोरचा पहारा बदलायचा सोहळा पाहायचा असेल तर तो रोज नसतो, सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराला असतो. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम ही सगळीही विनामूल्य आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं शोधत फिरू नका. २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली.

आपल्या माणसांच्या खुणा बघायच्या असतील तर चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले त्या १०, हाउली प्लेसवर निळी पाटी आहे. ते खाजगी घर आहे, पाटी रस्त्यावरून वाचायची आणि पुढे चालायचं. दाराची बेल वाजवायची नाही.

इशारा: उजेड रात्री नऊपर्यंत असला तरी संग्रहालयं बहुतेक पाच ते सहाच्या दरम्यान बंद होतात. चारला आत जाणाऱ्यांना साडेपाचला बाहेर काढतात. आत बघायचं ते दुपारी, नदीकाठ आणि बागा संध्याकाळी. शुक्रवारी मात्र ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मुलगा ऑफिसातून थेट येऊन भेटू शकतो.

## टप्पा ८: लांबच्या सहली, मुलांच्या रजेत

बाथ, यॉर्क, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट यांच्यासाठी रजेचे दिवस वापरा. रेल्वेची स्वस्त 'ॲडव्हान्स' तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात. व्हिसा मिळाल्या मिळाल्या ती काढा, पण ती त्याच गाडीला चालतात, पुढच्या गाडीला नाही. स्टेशनवर वीस मिनिटं आधी पोचा. फलाटाचा क्रमांक गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, त्यामुळे फलकासमोर उभं राहावं लागतं.

वय साठच्या पुढे असेल तर सीनियर रेलकार्ड घ्या. तिथला रहिवासी असण्याची अट नाही, पासपोर्ट दाखवून स्टेशनवरच्या तिकीट खिडकीवर मिळतं. २०२५ पासून किंमत ३५ पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट. शंभर-सव्वाशे पौंडांच्या प्रवासात कार्डाचे पैसे वसूल. नातवंडं सोबत असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड अधिक फायद्याचं पडतं.

स्टोनहेंजला, म्हणजे प्रचंड उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाकडे, जाताना वेळ ठरवून तिकीट आधी काढा. लंडनच्या वॉटर्लूहून सॉल्झबरीला गाडीने दीड तास, पुढे बस. ते उघडं माळरान आहे, जुलैतही जॅकेट लागतं. नेहमीच्या तिकिटावर दगडांच्या मधोमध जाता येत नाही, भोवतीच्या वाटेवरून बघायचे, हे आधी माहीत असलेलं बरं.

गाडीने जात असाल तर ऑक्सफर्ड, बाथ, केंब्रिज, यॉर्क इथे गावात पार्किंग शोधू नका. गावाबाहेर 'पार्क अँड राइड' असतं, गाडी तिथे लावून बसने आत जा.

इशारा: ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. त्या तीन दिवसांत रस्ते तुंबतात आणि रेल्वेची दुरुस्तीची कामं निघतात. तेव्हा घरी राहा, मुलांना आराम करू द्या.

तपासा: रविवारी इंग्लंडमधली मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात. सहलीवरून संध्याकाळी परतताना भाजी-दूध घेऊ म्हणाल तर कुलूप दिसेल. शनिवारीच आणून ठेवा.

## टप्पा ९: परतीच्या आधीचा आठवडा

खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बॅग घरच्या काट्यावर आधी वजन करा, कारण चॉकलेटं दिसतात त्याहून जड असतात. विमानतळावर कर परत मिळतो, ही माहिती जुनी झाली. दुकानातून हातात घेतलेल्या वस्तूंवरची ती सोय ब्रिटनने २०२१ पासून बंद केली आहे, तेव्हा पावत्या घेऊन काउंटर शोधत फिरू नका. उरलेली औषधं, विम्याचे कागद आणि डॉक्टरांकडे गेला असाल तर तिथले अहवाल केबिन बॅगेत ठेवा. विम्याचा दावा करायचा असेल तर मूळ बिलं तिकडून निघण्याआधीच ताब्यात घ्या, मागाहून ती मिळवायला मुलाला रुग्णालयाच्या मागे लागावं लागतं.